वखारीतली युनिव्हर्सिटी

६ फेब्रुवारी १८६५, अकोला
आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, तेव्हा खरे लिहीन. या गावात माझ्याखेरीज सुशिक्षित माणूस नाही. ऊन, धूळ आणि सरकीचा वास. अमेरिकेत लढाई जुंपल्याने तिकडचा कापूस विलायतेस जात नाही, म्हणून इकडे ज्याच्या घरात रुई त्याचे पाय जमिनीवर नाहीत. ज्ञानाला गिऱ्हाईक नाही.

आमचे शेट शालिकरामजी कापसाचे अडत्ये. मी त्यांची मुंबईची इंग्रजी पत्रे लिहितो. काल विषय काढला, की मुंबईस युनिव्हर्सिटी आहे, मग अकोल्यास का नसावी? सुपारी कातरता कातरता म्हणाले, "पोरायले विंग्रजी चिठ्ठी वाचता आली म्हंजे झालं. वखारीचा पुढचा भाग रिकामा हाये, थो घ्या." मी याचा अर्थ होकार असा घेतला.

मी रजिस्ट्रार.

८ फेब्रुवारी
युनिव्हर्सिटीस प्रथम काय लागते? विद्यार्थी नव्हेत. ते कोणीही गोळा करील. प्रथम लागतात पदे, आणि पदांचे वर्ग. मुंबईस कारकुनीच्या जागेसाठी गेलो तेव्हा कचेरीच्या बाकावर बसून बसून हे सर्व मी निरखून आलो आहे. (जागा दिली नाही. नुकसान त्यांचे.)

वर्ग असे. कायम: याला कोणी काढू शकत नाही. हंगामी: याला केव्हाही काढता येते. उमेदवार: हा काम करतो आणि पगाराचा शब्द काढत नाही. ऑनररी: याला मान मिळतो, बाकी काही नाही. कायमला खुर्ची, हंगामीला बाक, उमेदवाराला सतरंजी. ऑनररीने उभे राहावे, त्यात शोभा आहे.

मी कायम. हे ठरवायला वेळ लागला नाही.

१२ फेब्रुवारी
शिक्षक दोन मिळाले. वैजनाथशास्त्री राममंदिराच्या ओसरीवर गावची मुले शिकवतात. मौलवी करामतअली फारसी आणि हिशेब शिकवतात. दुपारी दोघे बुद्धिबळ खेळतात, एकमेकांना लबाड म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पट मांडतात. असली दोस्ती संस्थेस घातक. शास्त्रीबोवांना ऑनररी केले, मौलवींना हंगामी. एकाला मान, दुसऱ्याला बाक. आता भांडतील.

१४ फेब्रुवारी
भांडले नाहीत. शास्त्रीबोवांनी मान डोलावली आणि भिंतीशी उभे राहिले. मौलवी बाकावरून उठले. "पंडितजी खडे रहें और मैं बैठूँ? वाह रे आपकी युनिव्हर्सिटी!" असे म्हणून त्यांचा हात धरून ओसरीवर परत गेले. मुले त्यांच्या मागोमाग. आता युनिव्हर्सिटीत मी आणि खुर्ची.

निदान डिसिप्लिन तरी आली.

कुटुंबाने जेवताना विचारले, "घरात मी कोणत्या वर्गात?" मी म्हटले, कायम. तर म्हणते, कायमला काढता येत नाही म्हणता, पण आपणहून सुटता येते की नाही? बायकांना कायद्याची भाषा कळत नाही.

१८ मार्च
शालिकरामजी खरेदीसाठी खामगावास निघाले. दमणीत चढता चढता मी गाठले. वखारीतल्या सर्वांचीच वर्गवारी लावू का? बैल ओढ घेत होते. "लिहा, लिहा, सगळ्यायचं लिहा," म्हणाले आणि गेले.

याला म्हणतात विश्वास.

१९ मार्च
दिवाणजी, पहारेकरी, आचारी, हमाल. सर्वांना वर्ग दिला. आचाऱ्याला पहारेकऱ्याखाली घातले म्हणून तो चुलीपुढे रडत बसला आणि वरण लागले. हमाल शेवटच्या वर्गात: "हंगामी. हंगाम संपताच कमी करण्यास पात्र." नोटीस मोठ्या बाळबोध अक्षरात लिहून वखारीच्या दारावर डकवली. कणकेची खळ स्वतः केली. अक्षर फार सुंदर आले आहे.

२२ मार्च
हमालांचा मुकादम नत्थुजी. धिप्पाड, मिशीत कायम रुई अडकलेली. वाचता येत नाही, म्हणून नोटीस वैजनाथशास्त्र्यांकडून वाचून घेतली. शास्त्र्यांनी ती एकेका शब्दावर थांबून वाचली म्हणे. याला शत्रुत्व म्हणतात.

नत्थुजी मला म्हणाला, "पंत, माह्या बापानं या वखारीची भित घातली. पावसाळ्यात आमी शेटचे घरं शाकारतो, शेट आमाले जवारी देते. आता हंगाम सरला का आमी कोन?"

मी म्हटले, नोटिशीत आहे तेच.

"मंग हंगाम आत्ताच सरला," म्हणाला, आणि सगळ्या हमालांना घेऊन समोरच्या निंबाखाली जाऊन बसला.

बसू दे. उद्या भुकेने उठतील.

२७ मार्च
उठले नाहीत. त्यांच्या बायका भाकऱ्या आणून देतात. रुईच्या गाठी वखारीत छपरापर्यंत. त्या उचलायला कोणी नाही. गाडीवान दारात खोळंबले आहेत आणि मला शिव्या देतात. त्यातली एक मला कळली नाही, म्हणून दिवाणजींना विचारली. त्यांनी फार आनंदाने अर्थ सांगितला.

पहारेकऱ्यास हुकूम केला, हमालांना निंबाखालून हाकल. तो म्हणतो, "तुमच्या कागदात मी राखणदार हावो. हाकलनं कोनाच्या वर्गात हाये थे पाहा."

या प्रांतात बुद्धी नाही असे मी म्हणत होतो. आहे, पण दुष्ट.

१ एप्रिल
खामगावहून निरोप: शालिकरामजी तापाने आजारी, तिथेच राहतील. दिवाणजी त्यांना इथला प्रकार कळवायला निघाले होते. मी थांबवले. आजारी माणसास त्रास कशाला? मीच लिहिले, "सर्व व्यवस्थित." एका अर्थी आहेच.

५ एप्रिल
मुंबईच्या व्यापाऱ्याचे पत्र. गाठी ताबडतोब पाठवा, भाव डळमळतो आहे. मी उत्तर लिहिले. इतके उत्तम इंग्रजी मी पूर्वी लिहिले नव्हते. सारांश असा की, सध्या आमच्या माणसांची वर्गवारी चालू आहे, ती पुरी होताच कापूस येईल. मोठ्याने वाचून पाहिले. कुटुंबाने स्वयंपाकघरात काहीतरी आपटले.

१० एप्रिल. भर दुपार
वैजनाथशास्त्री घरी आले. उन्हातून चालत, डोक्यावर ओला पंचा. म्हणाले, "धोंडोपंत, थो कागद फाडून टाका. तुमची खुर्ची कोणी घेऊन नाही राहिलं. म्हणत असाल तर मी रोज येऊन उभा राहतो. पण नत्थुजीच्या घरचे दाणे सरले, आणि शेटचा माल सडून राहिला."

आणि खरोखर उभेच राहिले. कुटुंबाने पाट मांडला तरी बसले नाहीत.

शत्रू शरण आला, हे मी ओळखले. सांगितले, अर्ज लेखी करा.

पाणी प्यायले, उभ्यानेच, आणि गेले. कुटुंब तेव्हापासून बोलत नाही. घरात शांतता. लिखाणाला चांगले.

२१ एप्रिल
अजून शांतता.

४ मे
गावात बोंब उठली आहे. तारेने बातमी आली म्हणे, अमेरिकेतली लढाई संपली. तिकडचा कापूस पुन्हा विलायतेस जाणार. बाजारात कोणी बोली लावीना. कालपर्यंत रेशमी रुमाल गुंडाळून फिरणारे अडत्ये आज पेठेत पायऱ्यांवर बसले होते, डोके धरून.

मला राजकारणात रस नाही. पण इतक्या लवकर लढाई संपवणे हे बेजबाबदारपणाचे आहे.

७ मे
शालिकरामजी परतले. अंगरखा खांद्यावर लोंबत होता, इतके वाळले आहेत. वखारीत शिरले. गाठींच्या मधून हिंडले, एकेकीवर हात ठेवत, गोठ्यात गुरांवर ठेवतात तसा. मी मागे उभा होतो. जबाब तयार होता. पहिला मुद्दा, नियम. दुसरा मुद्दा, शिस्त. तिसरा मुद्दा, त्यांचाच हुकूम.

ते ओरडले नाहीत. मुद्दे तसेच राहिले.

बाहेर जाऊन निंबाखाली नत्थुजीशेजारी मातीत बसले. नत्थुजी म्हणाला, "शेट, मी एक डाव खामगावले याले पाह्यजे होतं. रागात राह्यलो." एवढा दांडगा माणूस, पोरासारखा रडला. शालिकरामजी म्हणाले, "मले विचाराचं ना रे. मी तुले काढीन?" मौलवी पाण्याची घागर घेऊन आले आणि सगळ्यांना देत गेले. मला विसरले.

नोटीस शालिकरामजींनी स्वतः काढली. खळ पक्की, नखांनी खरवडावी लागली.

मला म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मी शांतपणे विचारले, ज्याला कोणी काढू शकत नाही त्याला कोणत्या नियमाने काढता? त्यांनी नखांतली खळ झटकली.

"पंत," म्हणाले, "मले विंग्रजी येत नाही."

मी मराठीतच विचारले होते.

१० मे
मी अकोला सोडण्याचे ठरवले आहे, स्वखुशीने. कुटुंबाचा भाऊ अमरावतीस कचेरीत आहे. तिकडे सरकार शाळा काढणार असे ऐकतो. मास्तरांचे वर्ग पाडायला त्यांना जाणता माणूस लागेलच. संकल्प: अमरावतीस कोणावर विश्वास टाकणार नाही. संकल्प दुसरा: कुटुंबाशी आपणहून बोलायचे, पण आधी तिने बोलावे.

गाडी कोणी देईना. शेवटी नत्थुजीने आपल्या चुलतभावाची, सहदेवची, करून दिली. माझ्यासाठी नव्हे, बाईंसाठी, असे तो मला बजावत राहिला. वैजनाथशास्त्री कुटुंबाला निरोप द्यायला आले. तिने खाली वाकून नमस्कार केला. मी सामान मोजत होतो.

१२ मे. मुर्तिजापूरच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला
गाडीत सहदेव, त्याची आई तानुबाई, कुटुंब, मी, ट्रंक. एका गावाजवळ सहदेवला सरकीचे भाडे मिळाले. गाडी थांबवून म्हणाला, "पंत, बैल थकले हायेत. एक तं पोते घेतो, नाही तं तुमाले."

मी त्याला समजावले की उतारू आणि माल यांत उतारूचा हक्क पहिला. त्याने तानुबाईकडे पाहिले. तानुबाईने कुटुंबाकडे पाहिले. "काहो बाई, कसं करू?"

इतक्या दिवसांनी कुटुंब बोलले. "पोती घ्या," म्हणाली.

माझी ट्रंक तिने स्वतः सरकवून मला खाली दिली, आणि मागून या, भावाकडे आहे, म्हणाली. तानुबाईने तिला भाकरी आणि कांदा दिला. गाडी निघाली. वळणावर दोघी हसल्यासारखे ऐकू आले. घुंगरं असतील.

दुसरी गाडी येईलच. आतापर्यंत आल्या त्या सगळ्या अकोल्याकडे जाणाऱ्या. तोवर पायी निघावे असे ठरवले, पण हे पुण्याचे बूट चालण्यासाठी केलेले नाहीत. पाय सुजले आहेत. एक बूट काढला आहे.

दुसरा निघत नाही.