हळदीत फसलेले स्पीकर

रविवार, लातूर

आज रेणापूरला मावसबहिणीच्या हळदीत अब्रू गेली. नांदेडच्या दुकानात हेच छोटे स्पीकर कसले दणाणले होते! स्वस्तही होते. पण ऐकले ती दुकानाची खोली चारी बाजूंनी बंद होती, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मोकळ्या अंगणात आवाज मांडवाबाहेरसुद्धा जाईना. वाढवला तर फाटायला लागला.

मावशी म्हणाली, "राहू दे रे, काहीच ऐकू येऊन न्हाई राहिलं." नाचणाऱ्या पोरी खाली बसल्या. बंद खोलीत ऐकून कुणी स्पीकर घेतं का? मी घेतले.

निघताना नवरीच जवळ आली. "दादा, उद्या वरातीला बाबांनी दुसरा डीजे सांगितलाय. तू नुसता जेवायला ये."

मी "हाव" म्हणून मान डोलावली. तिच्या वरातीसाठी महिनाभर जमवलेली गाणी फोनमध्ये तशीच आहेत. पुसवत नाहीत.