मी, सतरा नंबर

४ फेब्रुवारी
आलो बाबा एकदाचे! सामान उतरवता उतरवता कंबरेचा पार भुगा झाला, पण घर झकास आहे. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, मागे नळ आणि पुढे इतकी नीटनेटकी गल्ली की हिने उतरल्या उतरल्या पसंतीची मान हलवली. हिची मान सहजासहजी हलत नाही, हे तीस वर्षांच्या संसारानंतर लिहितो आहे. चष्म्याचं दुकान धाकट्या भावाच्या गळ्यात मारून मी मोकळा झालोय. आता खायचं, लोळायचं आणि हिची बोलणी ऐकायची.
पुढच्या दारात माझ्या खांद्याच्या उंचीवर एक बोटभर भोक कुणीतरी बुजवून त्यावर रंग फासलाय. ही म्हणाली, तिथेच पोखरा आणि भिंग बसवा, म्हणजे बाहेर कोण आलंय ते दिसेल. मला वाकावं लागेल म्हटलं, तर म्हणाली, वाका की, काही झिजत नाही. भिंग दुकानातून आणलेलं आहेच. फक्त गिरमिट कुठल्या खोक्यात गेलंय देव जाणे. मिळालं की बसवतो.

७ फेब्रुवारी
गल्लीचे प्रमुख येऊन गेले. सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात, जन्मभर विकले मात्र रंगाचे डबे. त्यांनी नियम सांगितले. घरोघरी दाराशेजारच्या खुंटीला पिस्तूल, तेही भरलेलं. रविवारी सकाळी मैदानात नेमबाजी. दाराला भिंग अजिबात नको, बाहेरून बंदुकीची नळी टेकवून कुणीही उडवेल. आणि दार वाजलं की ‘कोण’ विचारायचं, समोरच्याने घराचा नंबर सांगायचा. नुसतं ‘मी’ म्हणणारा आपला नाही.
ही खो खो हसली. म्हणाली, तीस वर्षं दाराबाहेर ‘अहो, मी’ म्हणतेय, आता काय सतरा नंबर होऊ?
मला हसू आलं नाही. जुन्या घरी ते दोघे चोर आले तेव्हाही बाहेरून ‘मी’ असंच म्हणाले होते, आणि मी दार उघडलं होतं. त्यांनी हिचं मनगट पिरगाळून मोडलं. मी हातात टॉवेल घेऊन नुसता उभा. अजून हिला त्या हाताने नळ फिरवता येत नाही. नळाशी ही डावा हात पुढे करते तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पुन्हा हिच्या अंगाला कुणाला हात लावू देणार नाही. मी पिस्तूल घेतलं.

१३ फेब्रुवारी
सहातले चार डबे पाडले! चष्मेवाल्याची नजर आहे म्हणाले सगळे. मी फुगून घरी आलो. हिने ऐकलं, ताटं वाढली. मग म्हणाली, भिंगाचं काय झालं? कॅप्टन नको म्हणतात म्हटलं. त्यावर म्हणाली, मी ‘हो’ म्हणतेय, ते पुरत नाही का? गिरमिट अजून सापडलेलं नाही.

१९ फेब्रुवारी
मेहुणी जिन्यावरून पडली, पाय प्लास्टरमध्ये. ही तिच्याकडे गेली, सव्वीसला येईल.
दुपारी सव्वाचारला दार वाजलं. मी विचारलं, कोण? पोरीचा आवाज. म्हणाली, मी. पिस्तूल हातात धरून उघडलं, तर कुणी नाही. गल्ली सरळसोट, लपायला खांबसुद्धा नाही.

२१ फेब्रुवारी
कालही. आजही. सव्वाचारच.
समोरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं. आधी तो विषयच टाळत होता. मग सांगितलं, की आमच्या आधी इथे एक शिक्षिका राहायच्या आणि त्यांची मुलगी. तिची शाळा चारला सुटायची. त्या आठवड्यात शेजारच्या गल्लीत चोरी झाली होती आणि बाई धसका घेऊन बसल्या होत्या. पोरगी भुकेली आली, ‘मी’ म्हणाली. गल्लीने बाईंना सांगितलं, तुमची काही चूक नाही. दारातलं ते भोक कॅप्टननी स्वतः बुजवलं.
घरी येऊन त्या जागेवर हात ठेवला. काढवेना.

२३ फेब्रुवारी
हिला फोन केला. पोरीचं काही बोललो नाही, उगाच घाबरायची. फक्त विनवलं, येशील तेव्हा नंबर सांग गं बाई, हसू नकोस. हिने जेवलात का विचारलं. मग म्हणाली, सांगेन हो, तुम्ही नीट जेवा आधी.
कॅप्टन म्हणतात, भुतं दार वाजवत नसतात, चोर वाजवतात. तुमची परीक्षा घेताहेत, म्हणाले.

२४ फेब्रुवारी
मी. मी. मी — थांबतच नाही.
उघडलं नाही. खुर्ची दारासमोर ओढली. जेवलो नाही. पिस्तूल मांडीवर —

२५ फेब्रुवारी
सव्वाचार. वाजलं.
विचारलं. म्हणाली, मी —
उडवली.

२८ फेब्रुवारी
ही होती.
फोनवरचा माझा आवाज ऐकून जीव राहिला नाही तिचा. एक दिवस आधी आली.
इस्त्रीवाल्याने ऐकलं. ‘मी, सतरा नंबर’ म्हणाली ती. शब्द पाळला तिने. आधी ‘मी’ न म्हणता कोण कधी नंबर सांगतं? मला एवढंही थांबता आलं नाही. एका शब्दाएवढंही —
पिशवीत मेहुणीकडून मागून आणलेलं गिरमिट होतं.
पोलिसांना सगळी गल्ली एका तोंडाने म्हणाली, यांची चूक नाही. कॅप्टन रंगाचा डबा घेऊन आले. हाकलून दिलं.
अगं, ते पिस्तूल तुझ्यासाठीच घेतलं होतं गं मी.

१ मार्च
गोळीचं भोक बुजवू दिलं नाही. भिंग बसवलं. बरोब्बर बसलं. गिरमिट लागलंच नाही.
पिस्तूल पोलिसांकडे. खुंटी रिकामी.

सव्वाचार —
वाकून बघतोय. पोरगी आहे. दप्तर. आणि तिचा हात धरून — डाव्या हाताने —
कोण म्हणून विचारलं नाही गं. आता कधीच नाही विचार —
तरी सांगतेय. अहो, मी, सत