फळ्यावरचा खालचा कागद

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तू सुखरूप पोहोचलीस हे आईकडून कळलं. फोन आईच्या खाटेशेजारी आहे, म्हणून लिहितो आहे. तिच्यासमोर बोलायला काही सुचत नाही.

बाबांना जाऊन पंधरा दिवस झाले. मला अजून काहीच होत नाही. भूक लागते, झोपही लागते. नगरपंचायतीची कचेरी उघडतो, काचेच्या फळ्यावर सूचना लावतो, नऊ वाजता भोंग्यावर पाण्याची वेळ सांगतो. बाबांचंही मीच सांगितलं होतं. मयताची सूचना दोनदा वाचायचा नियम आहे, दोनदा वाचली. मग पाण्याची वेळ वाचली. शिंपीणकाकू नंतर म्हणाली, आज आवाज अगदी स्वच्छ आला हो!

अध्यक्षांनी माझ्याकडून लेखी निवेदन मागितलं आहे. फळ्या कुजल्यामुळे लाकडी पूल बंद केल्याची सूचना वेळेत लावली होती, एवढंच लिहून सही करायची. दोन ओळींचं काम. अजून केलेलं नाही.

आई बरी आहे. बोलत नाही फारसं. तब्येत सांभाळ. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

*

दि. ११ मार्च

चि. टाचणीमास्तर यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. पत्र कसलं, पंचायतीचं परिपत्रकच ते! खाली शिक्का मारायचा तेवढा राहिला. बाबांनी तुला हे नाव ठेवलं ते उगीच नाही. खिशात टाचण्या आणि तोंडातही टाचण्या. पण रडू येत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. मीही दवाखान्यात ड्युटीवर जाते, दुसऱ्यांच्या जखमा बांधते आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसते.

आई बरी आहे असं तू कशावरून लिहिलंस? रविवारच्या फोनवर ती मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होती. बाबा रोज अकराला फळा वाचायला जायचे. म्हणजे पूल बंद आहे हे त्यांना माहीत होतं. मग ते पुलावरून का गेले? आणि उत्तरही तीच देत होती. तिच्या चपला चांभाराकडे शिवायला टाकल्या होत्या, त्या आणायला बाबा निघाले तेव्हा तिने त्यांना म्हटलं होतं, लवकर या. लांबच्या रस्त्याने अर्धा तास जास्त लागला असता. माझ्या घाईपायी गेले, म्हणते. मी समजावते, पण पालथ्या घड्यावर पाणी.

शेजारचे काकाही तेच म्हणाले, म्हाताऱ्याने वाचून-सवरून हट्ट केला. मला पटत नाही. बाबा म्हणजे नियमावर नियम. ज्या माणसाने एकतीस वर्षं तीच कारकुनी केली, तो पंचायतीची सूचना मोडेल? फळ्याची किल्ली तुझ्याकडे असते. तूच सांग, त्या दिवशी त्यांनी काय वाचलं?

खरं ते लिही. आईला जप.

तुझी,
ताई

*

दि. १५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तू विचारलंस, म्हणून लिहितो. त्या दिवशी त्यांनी कुत्र्यांच्या परवान्यांची यादी वाचली.

फळ्यावर चार कागदांची जागा आहे. मला काम शिकवताना बाबांनीच सांगितलं होतं, मुदत संपल्याशिवाय कागद काढायचा नाही. जागा नसेल तर नवा कागद जुन्यावर लावायचा, म्हणजे लावला तो लावलेलाच राहतो. त्यांनी जन्मभर तसंच केलं, मीही तसंच करतो. पुलाची सूचना सोमवारी लावली. मंगळवारी सकाळी परवान्यांची यादी आली. चारही कागद मुदतीतले होते. मी यादी पुलाच्या सूचनेवर लावली, काचेला कुलूप घातलं. पुलाच्या तोंडाशी आडवी दोरी बांधणारा माणूस बुधवारी यायचा होता. भोंग्यावर सांगितलं नाही, कारण भोंगा फक्त पाण्याला आणि मयताला असा ठराव आहे.

मंगळवारी अकराला बाबा आले. चष्मा पुसला. चारही कागद वरपासून खालपर्यंत वाचले. मी खिडकीतून पाहत होतो. अख्ख्या गावात तो फळा वाचणारा एकच माणूस होता, ताई, आणि मी त्याच्यासमोरच कागद झाकला. जाताना त्यांनी मला सांगितलं, यादीत तिसऱ्या कुत्र्याच्या मालकाचं नाव चुकलंय, दुरुस्त कर. मी मान हलवली. पुलाचं तोंडी सांगावं हे डोक्यातही आलं नाही. कचेरीचं कचेरीत, हेही त्यांनीच शिकवलेलं.

संध्याकाळी, बाबा पुलावरून पडल्याचं कळल्यावर, यादी काढली. पुलाची सूचना खाली होती, कोरी करकरीत. अध्यक्षांनी येऊन पाहिली आणि म्हणाले, आहे की लावलेली. मी यादी खणात टाकली. आता खरं लिहिलं तर नोकरी जाईल. त्याची भीती वाटावी, तीही वाटत नाही. आईसमोर मात्र तोंड उघडत नाही.

तुला काय म्हणायचं ते म्हण.

धाकटा

*

दि. १९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला तुझा राग आला आहे. तो कागदाचा नाही, तो कुणाच्याही हातून झाला असता. महिनाभर आई तुझ्यासमोर स्वतःला दोष देत जेवायची राहते आणि तू भाकरी मोडत बसतोस, याचा आहे.

नोकरीचं नंतर बघू. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. तिला सांग. मी फोनवर सांगू शकते, पण सांगणार नाही. ते तुझ्याच तोंडून ऐकायचा तिचा हक्क आहे.

ताई

*

दि. २६ मार्च

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी मी फोन केला नाही म्हणून तू घाबरली असशील. भावाने तुला कळवलं नसेल, तो कसला कळवतोय! म्हणून मीच लिहिते.

शनिवारी सकाळी नऊला मी भांडी घासत होते. भोंग्यावर त्याने पाण्याची वेळ सांगितली. मग म्हणाला, आणखी एक सूचना आहे. पूल बंद असल्याचा कागद त्याने दुसऱ्या कागदाखाली झाकला होता, तो त्याच्या वडिलांना दिसलाच नाही, त्यांनी कोणताही नियम मोडला नाही, आणि त्यात घरातल्या कुणाचाही दोष नाही. अगदी पाण्याची वेळ सांगतो त्याच आवाजात. नियमाप्रमाणे दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा घरातल्या कुणाचाही म्हणताना आवाज फुटला आणि भोंगा बंद झाला. मी नळ बंद केला आणि तिथेच खाली बसले.

अध्यक्षांनी किल्ली काढून घेतली, त्याला घरी बसवलं. शिंपीण सांगत होती, आता लोक फळ्यापुढे उभे राहून कागदाखाली काय आहे ते वाकून बघतात.

मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही. राग होता, आणि अजून आहे. मला घरात सांगता येत नव्हतं का रे, असं विचारायचं होतं, पण त्याच्या तोंडाकडे बघून विचारवलं नाही. तो आता रडतो. न्हाणीघरात नळ सोडून रडतो, म्हणजे आपल्याला ऐकू येत नाही असं त्याला वाटतं.

काल मी लांबच्या रस्त्याने चांभाराकडे गेले. चपला त्याने पुसून ठेवल्या होत्या. पायात घालून आले.

तुझे बाबा गेल्यापासून मी घरात कुणालाच घाई केली नव्हती. जीभच उचलत नव्हती. आज ताटं घेतली, तो अंगणात बसून होता. मी दारातून हाक मारली आणि म्हटलं, लवकर ये, गार होतंय.

मुलांना पापा. जावईबापूंना आशीर्वाद. येते रविवारी फोनवर.

तुझी,
आई