भरताचा डबा रिकामा का आला

पिंप्राळा, जळगाव
सोमवार, सकाळचा पहिला चहा झाल्यावर

ती. कोकिळाअक्का यांच्या पायांवर धाकट्या प्रेमराजने डोकं ठेवलं आहे असं समजून घ्यावं. (प्रत्यक्षात पायांपर्यंत हात नेणं जमत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.)

डबा उघडलात आणि भरताच्या जागी हा घडी घातलेला कागद निघाला, तर कृपा करून भूषणवर ओरडू नका. तुमच्या पुतण्याने पारोळ्याला गाडी थांबवून वाटेत काही खाल्लेलं नाही. डबा इथूनच असा निघाला आहे. तो असा का निघाला ते सांगायलाच बसलोय. भूषण आत्ताच अंघोळीला गेला आहे आणि त्याची अंघोळ तुम्हाला माहीत आहे, तेवढ्यात माझं अख्खं पत्र लिहून होईल. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही माझा फोन उचलत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलाचं चित्र टाकता, त्याला मी हात जोडतो, एवढंच काय ते आपल्या बहीणभावाचं बोलणं उरलंय. (तुम्ही रुसून गेल्यापासून मी तुम्हाला अहोजाहो करतो, हेही तुमच्या लक्षात आलं असेल. नसेल तर आता येईल.)

तुमचा गुडघा कसा आहे? दाजींची शुगर? देवपुरात थंडी पडली असेल, पायात मोजे घालत जा. इकडे सगळं ठीकच म्हणायचं. प्रमिलाचं बीपी गोळीवर आहे आणि माझा उजवा खांदा कशावरच नाही. परवा डॉक्टरांनी हात वर करायला लावला, तर तो कानापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी विचारलं, या वयात जिमला जाता का? मी म्हटलं, नाही साहेब, भरीत ठेचतो. त्यांनी मलम लिहून दिलं. पाटबंधारे खात्यात एवढी वर्षं काढली, पण तिथे कधी खांदा दुखला नाही. तिथे फायली ढकलायच्या होत्या, ठेचायच्या नव्हत्या.

जुनं उगाळत नाही, पण एकदा मांडून ठेवतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. चार हिवाळ्यांपूर्वी तुम्ही आणि दाजी भरतासाठी म्हणून आलात. आईची लाकडी बडगी, जिच्यात ती भाजलेली वांगी मुसळीने ठेचायची, ती नेमकी त्याच आठवड्यात तडकली. मी साध्या मनाने वांगी मिक्सरमधून फिरवली. तुम्ही एक घास घेतला, ताट पुढे सरकवलं आणि विचारलं, "हे कशात केलं?" मी खरं ते सांगितलं. तुम्ही पर्स उचलली आणि स्टँडवर निघालात. दाजींचा हात अजून ताटात होता. त्यांनी बिचाऱ्यांनी पुरी खिशात घातली होती, असं नंतर कळलं. त्या दिवसानंतर तुम्ही माहेरच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलेलं नाही. मात्र चंपाषष्ठी झाली की धुळ्याहून कोणी ना कोणी येतं, आणि त्याच्या हातात तुमचं नाव कोरलेला हा स्टीलचा डबा असतो. कधी तुमची शेजारीण, कधी दाजींचे मित्र, एकदा तर तुमच्या सोसायटीचे चेअरमन, ज्यांना भरतात तेल जास्त वाटलं. सगळे जेवतात, डबा भरून नेतात, आणि आठवड्याने निरोप येतो, "अक्का म्हणाल्या, मिक्सरचंच आहे, मला कळतं."

अक्का, मी फैजपूरच्या सुताराकडून नवी बडगी करून आणली आहे. हा सगळा खांदा त्याच बडगीपायी गेला आहे. तीन हिवाळे मी उकिडवा बसून ठेचतोय, आणि तीन हिवाळे तुमचा निरोप येतोय की मिक्सरचं आहे. माणसाने किती सोसावं याला काही हद्द असते. पण तुम्ही मोठ्या आहात, म्हणून इथेच थांबतो.

तर शनिवारी भूषणचा फोन आला. मामा, उद्या संध्याकाळी येतोय, मी, पुनम आणि ऑफिसातले दोघे, काकूंनी डबा दिलाय. प्रमिलाने पिशवी माझ्या हातात दिली आणि सांगितलं, या वेळी वांगी अशी आणा की तुमच्या बहिणीला बोलायला जागा राहू नये. तेव्हा रविवारी सकाळी मी भाजीबाजारात गेलो. आजकाल बाजारात सगळीच वांगी बामणोदची असतात. एवढा माल बघितला की वाटतं, बामणोद हे गाव नसून एखादा जिल्हा असावा. जांभळी वांगी घेऊन बसलेल्या एका माणसानेही मला बामणोदचीच म्हणून सांगितलं. (भरताचं वांगं हिरवं असतं हे आपल्याकडे रांगतं पोरही सांगेल. मी पुढे निघालो. आता माझ्यात भांडायची ताकद राहिलेली नाही.) शेवटी बेबाबाई नावाच्या एका बाईंपुढे बरा ढीग दिसला. मी आबांनी लहानपणी शिकवलेल्या रीतीने एकेक वांगं तळहातावर तोलू लागलो. दिसायला मोठं आणि हाताला हलकं ते घ्यायचं, म्हणजे बी कमी निघतं. बेबाबाईंनी थोडा वेळ सहन केलं आणि मग म्हणाल्या, "भाऊ, वांगा ली राहिनात का पोर दखी राहिनात?" मी वांगी घेतोय की मुलगी बघतोय, हे ऐकून मागे रांगेत उभी असलेली माणसं हसली. मी पसंत केलेलं वांगंही खाली ठेवलं.

तेवढ्यात प्रमिलाचा व्हिडिओ कॉल आला. तिला प्रत्येक वांगं बघायचं होतं. देठ दाखवा, उलटं धरा, बोट खुपसू नका, तुमचा अंगठाच दिसतोय. शेजारच्या लताबाईही तिकडून स्क्रीनमध्ये डोकावत होत्या आणि त्यांचं मत वेगळंच पडत होतं. मी एका हातात फोन, एका हातात वांगं, काखेत पिशवी असा उभा होतो. बेबाबाईंनी माझ्या हातून फोन काढूनच घेतला आणि थेट प्रमिलाशी बोलायला लागल्या. दोन मिनिटांत निघालं की त्या चोपड्याकडच्या, प्रमिलाच्या मामाच्या गावच्या. झालं. बेबाबाईंची बेबामावशी झाली, आणि मावशीशी भावाची घासाघीस करायची नसते. मावशीने आपल्या मनाने वांगी भरली, कांद्याची पात भरली, लसूण भरला, मिरच्या भरल्या, आणि कोथिंबीर म्हणून एक अशी जुडी दिली की ती बहुधा शुक्रवारपासून माझीच वाट बघत होती. फोन परत हातात आला तेव्हा प्रमिला म्हणाली, बघा, असं आणायचं असतं. मी मान हलवली.

मग वांगी भाजायला कादरभाईंकडे. बाजाराच्या मागे मोकळ्या जागेत ते हिवाळाभर कपाशीच्या काड्यांचा जाळ करतात आणि लोक आपापली वांगी आणून देतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला चव नसते हे तुमचंच वाक्य, म्हणून मी तिथे उभा. रविवारची गर्दी होती, सगळ्यांची वांगी एकाच जाळावर पडणार होती. मला एकदम सुचलं की आपली ओळखू यावीत म्हणून देठांना लाल दोरा बांधावा. शेजारच्या दुकानातून दोरा आणला आणि एकेका देठाला बारीक गाठ मारली. कादरभाई बघत होते. माझी शेवटची गाठ मारून होईपर्यंत त्यांनी चकार शब्द काढला नाही. मग वांगी जाळावर गेली आणि दोरे गेले. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते अगदी शांतपणे म्हणाले, "दोरा राहतो का भाऊ आगीत?" मी म्हटलं, अहो मग आधी सांगायचं. ते म्हणाले, तुम्ही इतकं मन लावून बांधत होतात, मला वाटलं काही नवस असेल.

जाळ विझला तेव्हा समोर काळ्या वांग्यांचा एकच ढीग होता. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एका गृहस्थांनी त्यातली मोठी मोठी सगळी आपलीच म्हणून दाखवली. मला माझी एकही ओळखता आली नाही. सकाळभर तळहातावर तोललेली, व्हिडिओवर उलटीसुलटी दाखवलेली वांगी कोणाच्या तरी ताटात गेली, आणि मी घरी काय आणलं ते त्या कादरभाईंच्या चिमट्यालाच ठाऊक. प्रमिलाने साल काढलं आणि म्हणाली, मावशीचा माल वेगळाच असतो, एक बी नाही बघा. मी पुन्हा मान हलवली. आमचा संसार या मानेवर चाललाय.

ठेचण्याबद्दल जास्त लिहीत नाही. बडगी काढली, धुतली, मांडली. बाकी सगळं रीतसर झालं. शेंगदाणे, लसूण-मिरचीचा ठेचा, वरून कांद्याची पात, फोडणी. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, पुऱ्या, कढी. ऑफिसातल्या एकाने आधी सांगितलं की तो रात्री जेवत नाही, नुसतं सॅलड खातो. त्याने किती पुऱ्या खाल्ल्या ते प्रमिला या जन्मी विसरणार नाही. भूषणने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मामा, बडगीचं भरीत लगेच कळतं." तुमची सूनबाई पुनमही म्हणाली, हो, याला एक वेगळाच पोत असतो. मी कढी वाढत होतो. थोडी ताटाबाहेर सांडली.

तर अक्का, असं झालं. चौघांनी पातेलं पुसून खाल्लं आणि तुमच्या डब्यासाठी काही उरलं नाही. वाईट वाटून घेऊ नये. दाजींना नमस्कार. प्रमिला पाया पडते. ती पोळ्या लाटतेय, त्यामुळे तिच्या वतीने मीच लिहितोय. थोरांस नमस्कार, चेअरमनसाहेबांस कमी तेलाचा नमस्कार.

तुमचा,
प्रेमराज

ता. क. भूषण अजून आतच आहे. वर भरीत संपलं असं लिहिलंय, ते खरं नाही. मोठं पातेलं अर्धं भरलेलं आहे, दोन दिवस आम्ही तेच खाणार. तुम्हाला खोटं लिहून मला करमत नाही, म्हणून सांगून टाकतो.

ता. क. दुसरा. आता निम्मं सांगितलंय तर सगळंच सांगतो. रविवारी मुसळीचे चार घाव घातले आणि माझा खांदा जागेवरच अडकला. हात वरही जाईना, खालीही येईना. पाहुणे हॉलमध्ये येऊन बसलेले. प्रमिलाने स्वयंपाकघराचं दार लावलं, मला टीव्हीचा आवाज मोठा करायला पाठवलं आणि सगळी वांगी मिक्सरमधून फिरवली. बडगी नुसती दाखवायला ओट्यावर मांडून ठेवली होती. भूषणने डोळे मिटून जे ओळखलं, ते हे.

तुमचा डबा मी भरलाही होता. झाकण लावताना हात थांबला. मनात आलं, अक्काने हे खाल्लं आणि निरोप धाडला की "आता कुठे बडगीचं झालं", तर? तीन हिवाळे खांदा मोडून ठेचलं त्याला तुम्ही मिक्सरचं म्हणालात, त्याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं. पण आईच्या हातचं भरीत ओळखणारी आपल्या घरात तुमची एकच जीभ उरलीय. तीही चुकली, तर मग मी कोणासाठी ठेचायचं? भीती वाटली अक्का. भरीत परत पातेल्यात ओतलं, डबा धुतला, पुसला आणि हे लिहायला बसलो.

ता. क. तिसरा. भूषणने गीझर बंद केला, आता घाई आहे. माहेरून रिकामं भांडं पाठवू नये म्हणून तळाशी चिमूटभर साखर घातलीय, कागदाला चिकटली असेल. अक्का, तू ये. डबा कोणाच्या हाती देऊ नकोस, स्वतः घेऊन ये. वांगी आपण दोघं मिळून आणू, बेबामावशीला तूच गप्प करू शकशील. तू बडगी धरून बस, मी डाव्या हाताने ठेचतो, आणि तू डोळ्यांनी बघ. मग पुन्हा म्हणालीस मिक्सरचं, तरी चालेल, पण इथे पाटावर बसून म्हण. मिक्सर प्रमिलाने माळ्यावर टाकून दिलाय. (नाही टाकलेला. तू येण्याच्या आदल्या दिवशी टाकू.)