दाजींच्या हातातलं घड्याळ

मळा, कळंबजवळ
ता. १ एप्रिल २०२५

चि. भगवंत यास आक्काचा आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस. माझ्या भावजयीचा, आरतीचा गुडघा कसा आहे? तुझा फोन मला लागत नाही. प्राची म्हणते, मामानं तुला ब्लॉक केलंय. कर बाबा. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून लिहिते.

कांदा काढून बराखीत भरला. आणि प्राचीचं लग्न ठरलं. मुलगा मंचरचा, सुदर्शन नाव, चाकणला कंपनीत आहे. अक्षय तृतीयेला दारातच मांडव. पहिली पत्रिका भैरोबाला ठेवली, दुसरी यासोबत तुला.

त्याआधी पौर्णिमेला यात्रा. आपला बैलगाड्यांचा घाट आता तुला ओळखू यायचा नाही. दोन्ही अंगाला सिमेंटच्या पायऱ्या झाल्यात आणि वेळ मोजायला सेन्सर आलाय. गाडा खालची रेषा सोडतो तेव्हा यंत्र चालू, वरची ओलांडली की बंद. भांडणं लई कमी झाली. त्या यंत्राला सासुरवाडी नाही ना.

टेकाडावरचा तो चढ मामंजींच्या वेळच्या लोकांनी टिकाव-फावड्यानं काढला. तेव्हा कुणाचे बैल जोरात पळाले ते नजरेनंच ठरायचं आणि दरवर्षी डोकी फुटायची. मग स्टॉपवॉच आलं, तर ते कुणी धरायचं यावरून भांडण. शेवटी तुझ्या दाजींच्या हातात दिलं, कारण आमच्या दावणीला शर्यतीचा बैलच नव्हता. आपले आप्पा गाडा घेऊन आले होते, त्यांनी ह्यांना पाहिलं आणि घरी येऊन म्हणाले, "ह्यो गडी कुणाच्या तोंडाकडं बघत न्हाई. मंगल ह्यालाच द्यायची." माझं लग्न त्या घड्याळानं जमवलं म्हण.

आम्हा बायकांना घाटात उतरायची सोय नव्हती. देवळामागून धुरळा दिसायचा आणि माईक ऐकू यायचा. त्या वर्षीही मी तिथंच होते. तुझा हौशा आणि शंभू जोडीनं सुटले, सगळी टेकडी ओरडत होती. मग वेळ पुकारली आणि तुझा गाडा दुसरा आला, अगदी केसभरानं. पाठोपाठ तुझाच आवाज आला, माईकवरनं, "दाजी, घड्याळ कितीला इकलं?"

भर यात्रेत, भगवंता. ह्यांनी देवळात येऊन भंडारा उचलला की कुणाचा पैसा घेतला असेल तर भैरोबा बघून घेईल. गावानं विश्वास ठेवला. तू बैल टेम्पोत चढवून निघून गेलास. तेव्हापासून भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळते, सख्खा भाऊ अवसरीत असताना.

पाठोपाठ कोर्टाची बंदी आली. घाटात घाणेरी माजली, पोरं तिथं मोटारसायकल शिकली. तुझे बैल दावणीला बसून म्हातारे झाले. हौशा गेल्याचं मला मंचरच्या बाजारात एका बारदानवाल्यानं सांगितलं. माझ्या भावाचा बैल गेला आणि मला ते परक्याकडून कळावं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे अंगणात शेंगा फोडत होते. हात थांबले. म्हणाले, "मंगल, भगवंताचा गाडा पयला व्हता."

हे लिहायला मला इतकी पानं लागली, बघ. तुझा गाडा निम्म्यात आला तेव्हाच ह्यांना कळलं होतं की आज हा पहिला येणार. आणि मनात आलं, मेहुण्याचा गाडा पहिला आला तर लोक म्हणतील सासुरवाडीला झुकतं माप दिलं. गाडा पोचल्याचं वरचं निशाण पडलं आणि ह्यांचा अंगठा अडखळला. बटण उशिरा दाबलं गेलं. उशीर झालाय हे ह्यांना ठाऊक होतं, तरी घड्याळात दिसलं तेच पुकारायला दिलं. गाडा परक्याचा असता तर बरोबर दाबलं असतं. तू आपला, म्हणून तुझं नुकसान. शपथ खोटी नव्हती, पैसा खरंच घेतला नव्हता. पण भंडारा उचलताना बाकीचं पोटातच ठेवलं.

मी म्हणाले, उठा, आत्ताच अवसरीला जाऊ. तर हे म्हणाले, "आता सांगून काय? बैल उठून पळणार हाय का?" मग मीही गप्प बसले. मला राग तुम्हा दोघांचा आहे. ह्यांना लोकांची भीती आणि तुला जिभेला लगाम नाही, आणि मधे मी.

यंदा यात्रा कमिटी घाटातच ह्यांचा सत्कार करणार आहे. इतकी वर्षं चोख वेळ दिली म्हणून फेटा बांधणार. हे नको म्हणाले, पण का नको ते सांगता येईना, म्हणून हो म्हणून बसले. परवा कमिटीची माणसं आली, तर हे मागच्या दारानं मळ्यात निघून गेले. मी हे पत्र लिहिते आहे ते ह्यांना माहीत नाही. कळल्यावर काय करतील ते मला सांगता येत नाही.

काल धाकटे भाऊजी विचारत होते, लग्नात नवरीच्या मागं मामा म्हणून कोणाला उभं करायचं, चुलतमामा चालेल का. प्राची म्हणाली, "कुणी नको. माझ्या मागची जागा मोकळीच राहू द्या." मला तिथंच रडू आलं.

तर हे पत्र आता तुझ्या हातात आहे. पौर्णिमेला घाटात ये. सत्कार चालू झाला की माईक माग आणि हे वाच, माझ्या नावासकट. तुझा तो हक्क आहे. ह्यांच्या डोक्यावरचा फेटा उतरला तर उतरू दे, मी ह्यांच्या शेजारी उभी असेन. तुला बोल लावणार नाही. पण अक्षय तृतीयेला पोरीच्या मागं येऊन उभा राहा. वाचलंस तरी ये, नाही वाचलंस तरी ये.

नवऱ्याची अब्रू तुझ्या हवाली करून बसलेली,
तुझी आक्का,
मंगल