बुकमार्क पुढे सरकतोय

२ मार्च, सोमवार
आजपासून आयुष्य नीट जगायचं. ठराव: रोज संध्याकाळी घरी भाजलेला ब्रेड, हातात एक (एकच) कॉकटेल, मांडीवर जाड पुस्तक. घाई एवढ्यासाठी, की २१ तारखेला बायकोचं वाचनमंडळ आमच्याकडे आहे. दर वेळी चार खुर्च्या मांडतात आणि मला फिरायला पाठवतात. सहा वर्षं फिरतोय. या वेळी पाचवी खुर्ची हवी, असं स्पष्ट सांगितलं. बायको म्हणाली, मंडळाचं पुस्तक पूर्ण वाच आणि खुशाल बस.
पुस्तक म्हणजे एका दीपगृहाच्या रखवालदाराची कादंबरी. पानं ५४०. किरकोळ.

३ मार्च, संध्या. ७
ओव्हन लावला, जिन-संत्रं-लिंबू ढवळलं, पुस्तक उघडलं. पान ११ पर्यंत मजल. कॉकटेलमध्ये लिंबू कमी वाटलं म्हणून दुसरं करून पाहावं लागलं. मग डोळा लागला. ब्रेड वरून कोळसा, आतून चिखल. थर्मोस्टॅट गेलेला दिसतो. लेक म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. शाळेत नको ते शिकवतात.

५ मार्च
कमाल झाली. बुकमार्क पान ६४ वर. म्हणजे झोप लागायच्या आधी मी एवढं वाचलं आणि माझा मलाच पत्ता नाही. तल्लीन होणं म्हणतात ते हेच.

९ मार्च
पान १५०. पद्धत बसली आहे: पुस्तक उघडायचं, दोन ओळी, एक घोट, डोळे मिटायचे. बाकीचं आपोआप होतं. मजकूर आठवत नाही, पण परवा काय जेवलो ते तरी कुठे आठवतं? अंगी लागल्याशी मतलब.
बायको हल्ली पहाटेच उठून बाहेरच्या खोलीत दिवा लावून बसते. वयानुसार झोप कमी होत असावी. आज तिने विचारलं, किती झालं? दीडशे म्हणालो. ती म्हणाली, अगदी माझ्याइतकंच. फार खूश झाली. मी हवेत.

१४ मार्च
ब्रेड क्र. ५ फुगला. खरोखर फुगला. मी स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. बायकोने तुकडा मोडून खाल्ला आणि दुसरा मागितला. लग्नात हार घालतानाही इतका आनंद झाला नव्हता. (हे तिला सांगायचं नाही.)

१६ मार्च
लिफ्ट कंपनीतल्या आमच्या तक्रार-टेबलावर सहज बोललो, की रोज तीसेक पानं वाचतो. साहेब म्हणाले, मग इस्पितळाची लिफ्ट गुरुवारपासून अडकलीय ती तक्रारही वाचा. वाचणाऱ्याची कदर नाही.

२० मार्च
बुकमार्क शेवटच्या पानावर! ते पान स्वतः वाचायची गरज वाटली नाही. कादंबरी संपवल्याचं समाधान काही औरच. उद्याचं बोलणं आरशासमोर दोनदा म्हटलं. पाचवी खुर्ची स्वतः पुसली. कॉकटेलचं नावही ठरलं: दीपगृह.

२२ मार्च, रविवार
लिहायचं नव्हतं.
काल ब्रेड संपला. दीपगृह सगळ्यांनी दोनदा घेतलं, मंडळातल्या ग्रंथपालबाई तर गुणगुणायला लागल्या. मग मी उभा राहिलो. रखवालदाराचा एकटेपणा, म्हातारपणी त्याचं घरी परतणं, ते वाचून माझे भरून आलेले डोळे. दहा मिनिटं बोललो. मंडळातल्याच दातांच्या डॉक्टरीणबाई, भूल देण्याआधी बोलत असतील तशा हळू आवाजात म्हणाल्या, की रखवालदार पान ४० वरच बुडतो. पुढची पाचशे पानं त्याच्या बायकोची आहेत.
कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.
सगळे गेल्यावर बायको म्हणाली, अरे, तो बुकमार्क मी सरकवत होते, रोज पहाटे. मला वाटलं, तुझं पान तुझ्या लक्षात असेल. मला वाटलं, आपण दोघं बरोबरीने वाचतोय.
पान ११ च्या पुढे मी गेलोच नाही, हे कबूल केलं. लाज वाटली. थर्मोस्टॅटवर ढकलता येईना.
आज खुर्ची जागेवर नेऊन ठेवली. टेबलावर पुस्तक होतं, बुकमार्क पान ११ वर. तिनेच ठेवला असणार. तो आपोआप सरकत नाही, हे आता मान्य.
ओव्हन बंद. ग्लास पालथा. पान १२ वाचलं. रखवालदार अजून जिवंत आहे.