न ऐकलेलं अभिवाचन

४ मे
कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. एकटीच. काचेच्या पेटीसारख्या खोलीत बसवतात, कानात शिट्टी वाजली की बोट वर करायचं. बराच वेळ केलंच नाही. मला वाटलं, अजून सुरूच व्हायचंय. डॉ. म्हणाले, नस सुकत चाललीय, दोन्हीकडची. गेलंय ते परत येणार नाही, आणि राहिलंय ते... पुढचं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. ओठ दिसले नाहीत. परत विचारलं नाही. काय म्हणाले असतील ते कळत होतं.

सुरेशला एवढंच सांगितलं की थोडं कमी येतं. "मग मशीन लाव की. चष्मा नाही का लावत?" म्हणाला, आणि जेवायला बसला.

६ मे
परीक्षा आटोपल्या. कॅम्पस ओस. सुट्टीतल्या कार्यशाळा ठरल्या, गावातल्या लोकांनाही खुल्या. मातीकाम, योग, मोडी, खुणांची भाषा. माझ्याकडे नेहमीचं अभिवाचन. दे. मॅडम, आमच्या विभागप्रमुख, म्हणाल्या, "तुमच्याइतका तयार कान कुणाचाय?"

मी हो म्हटलं. कंत्राटावरची माणसं, नेमणुकीचं पत्र दर जूनला नव्याने. नाही कसं म्हणणार?

खुणांच्या भाषेच्या वर्गात स्वतःचं नाव घालून आले. माझा वर्ग सकाळी, तो दुपारी. दे. मॅडमना वाटलं, हौस.

९ मे
पहिला दिवस. विद्यार्थी, निवृत्त मंडळी, आणि गव्हाणच्या कमळाबाई. त्यांची नात प्राची आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला आहे, तिनेच ओढून आणलंय. साठीच्या पुढे, वाचताना बोट ओळीखाली.

उताऱ्याच्या प्रती सगळ्यांना वाटल्या. प्रत समोर असली की निभतं. कागदावर एक डोळा, ओठांवर एक. पंखे बंद करायला लावले, त्यांच्या घरघरीत उरलंसुरलंही बुडतं. सगळे घामाघूम. कुणी काही बोललं नाही. (बोललं असेल.)

स, श, फ हे गेलेच. 'सासू' म्हणजे मला नुसतं आ-ऊ. डोक्यावरून विमान गेलं ते मात्र चांगलं ऐकू आलं. विमानं येतात. माणसं येत नाहीत.

दुपारी खुणांचा वर्ग. शिकवणारी रेहाना जन्मापासून बहिरी. बहीण शबाना शेजारी उभी राहून तिचं बोलणं तोंडाने सांगते. पोरं हसत खेळत पटापट उचलतात. माझी बोटं लाकडाची.

११ मे
घरी सुरेशच्या आईंचा रुसवा. त्यांच्या तोंडात दात नाहीत, ओठ आत ओढलेले. वाचायला काही सापडतच नाही त्या चेहऱ्यावर. आज हात धरून ओरडल्या तेव्हा कळलं. "कवापासून हाक मारतंय गो, आयकू येत नाय का?"

सुरेशला म्हणे सांगितलंय, सून आता माज्याशी बोलत नाय, मनात काय तरी धरलंय. त्यांना सांगायला हवं होतं. चहा केला, पुढे ठेवला. नाही सांगितलं.

१४ मे
लिहायला नको वाटतंय.

आज प्रत्येकाने स्वतः लिहिलेलं वाचायचं होतं. म्हणजे माझ्या हातात प्रत नाही. आधी लक्षातच आलं नाही, आणि लक्षात आलं तेव्हा उशीर झालेला. पोरांचं कसंबसं निभावलं. मग कमळाबाई उठल्या. कागद तोंडासमोर. मला 'खाडी' लागलं, 'पोर' लागलं, 'होडी' बहुतेक. बाकी नुसती लय. मी धरून चालले की खाडीकाठचं बालपण आहे. सगळा वेळ हसऱ्या चेहऱ्याने मान हलवत होते.

संपल्यावर म्हटलं, "सुंदर. आवाज फक्त जरा वर. आणि चेहऱ्यावर थोडा आनंद येऊ द्या."

कुणी वर बघेना. प्राची काहीतरी बोलली, मला लागलं नाही. कमळाबाईंनी कागदाची घडी घातली, माझ्याकडे सरळ बघितलं आणि सावकाश म्हणाल्या, "मॅडम, माजा धाकटा पोर खाडीत गेला. त्याचा हाय त्यो कागद."

अक्षर न् अक्षर कळलं. त्या गेल्या. मागून प्राची.

मी तिथेच. पुढचं नाव पुकारलं. पुकारलं मी.

१५ मे
दोघी आल्या नाहीत. बाकीचे आले, वाचून गेले. मी जवळ आले की बोलणं थांबतं. तेवढं मला दिसतं.

दुपारी वर्ग सुटल्यावर रेहानाने थांबवलं. किती ऐकू येतं, विचारलं. तिला म्हणे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. "तू हातांकडे बघत नाहीस. आमच्या तोंडाकडे बघतेस. तिथे काय मिळणार?"

मी विचारलं, ही भाषा पुरेशी यायला किती वर्षं लागतील? तिने बराच वेळ हात हलवले. शबाना अडखळली. मग म्हणाली, "ती म्हणते, तू आमच्यात फार उशिरा आलीस. आणि त्यांच्यातून निघायची तुझी तयारी नाही. मधे राहणं सगळ्यात वाईट." वर स्वतःचं म्हणून जोडलं, "मॅडम, ती सरळ बोलते, मनाला लावून नका घेऊ."

मनाला लावून घ्यायचं काय त्यात. खरंय ते.

१७ मे
सुरेशला नीट सांगितलं. सगळं. कमळाबाईंचंही. म्हटलं, घरापुरत्या चार खुणा शिक. पाणी, ये, थांब, काय झालं. करून दाखवल्या.

"आईसमोर असे हातवारे करायचे? कुणी आलंगेलं तर काय समजेल?" मग मोठ्याने बोलायला लागला, मला कळावं म्हणून. चेहरा भांडणाचा झाला. मोठ्याने बोलणारा प्रत्येक माणूस रागावलेलाच दिसतो. आता आयुष्यभर हेच बघायचं का.

नंतर गॅलरीत जाऊन उभा राहिला, पाठ माझ्याकडे. खांदे हलल्यासारखे वाटले. काही बोलत असेल तर मला कळलं नाही.

१९ मे
गव्हाणला गेले. प्राचीनेच नेलं, वाटेत फार बोलली नाही. कमळाबाई पडवीत सुकट निवडत होत्या. मी समोर बसले आणि सांगून टाकलं, मला ऐकू येत नाही. त्या दिवशी तुमचं काहीच ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी हात थांबवला नाही. "मंग वर्ग कशाला घेता?"

मीही सुकट निवडायला लागले.

कोरा चहा दिला. मग म्हणाल्या, "घरात कुणाला वाचून दावला नव्हता. तुमाला पयल्यांदा." मी विचारलं, आता वाचाल का, मी जवळ बसते. त्यांनी मान हलवली. "नाय. आता नाय व्हायचं ते." राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

२३ मे
समारोप. अभिवाचनाचा कार्यक्रम मी केला नाही, तब्येतीचं कारण दिलं. खुणांच्या वर्गात प्रत्येकाने आपलं नाव बोटांनी सांगायचं होतं. मी मधेच अडकले. रेहानाने माझी बोटं धरून सरळ केली. तिचे हात गरम, खरखरीत. सगळ्यांनी हात वर करून पंजे हलवले, त्यांच्यात टाळ्या अशा असतात. पोरं खूश. मी घरी येऊन पडून राहिले.

२८ मे
आईंना सांगितलं शेवटी.  त्या काहीतरी म्हणाल्या. मी म्हटलं, कळलं नाही. पुन्हा म्हणाल्या. तरी नाही. तिसऱ्यांदा त्या बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या.

सुरेश मशीनची चौकशी करून आलाय. डॉ. त्याला म्हणाले, आवाज मोठा होईल, स्पष्ट होईलच असं नाही.

१० जून
कॉलेज सुरू. काहींची नेमणुकीची पत्रं आली. माझं नाही. दे. मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्या फळ्यावर नवं वेळापत्रक लिहीत होत्या, पाठ माझ्याकडे. विचारलं, माझं काय ठरलंय? लिहिता लिहिताच काहीतरी म्हणाल्या. लांबलचक. मधे खडू थांबला, पुन्हा चालला.

नेहमी मी अशा वेळी "बरं मॅडम" म्हणते आणि नंतर कुणाला तरी विचारते.

म्हटलं, "मॅडम, मला ऐकू आलं नाही. मला पाठमोरं बोललेलं ऐकू येत नाही. इकडे बघून सांगा."

त्या वळल्या. खडू हातातच. माझ्याकडे बघत राहिल्या. ओठ मात्र मिटलेलेच.